टेपचं दुसरं टोक

रविवार, ३ मे २००९
मैदानावरून

मामा,

आधी तुमच्या गुडघ्यांची, शेळ्यांची आणि त्या उरलेल्या एका कानाची चौकशी करते, नाहीतर म्हणाल, पोरीला कामापुरता मामा आठवतो. फोन केला होता. तुम्ही तीन वेळा "कोण?" म्हणालात आणि ठेवून दिलात. तीस वर्षं विमानाच्या पंख्याशेजारी बसून हवाई छत्र्या शिवल्यात, त्याचं हे बक्षीस. म्हणून पत्र लिहितेय. तुमच्या गावाच्या, गान्येसाच्या टॅक्सीवरचा ओतेंग तुमच्या फाटकात टाकेल.

आज तेवीस छत्र्यांच्या घड्या घातल्या. आकाशातून एकेक जण नाचत उतरतो, छत्रीचा ढिगारा माझ्यापुढे टाकतो आणि कॉफी प्यायला जातो. मी गुडघ्यांवर बसून तिच्यातली हवा काढायची, पिशवीत कोंबायची, की पुढचा हजर. संध्याकाळी उभं राहायचं तर भिंत धरावी लागते. आईनं एकोणीस वर्षं हेच केलं, ती कधी कुरकुरली नाही. मी कुरकुरते.

पण मी उड्याही मारते, हे तुम्हाला माहीत आहे. एकसष्ट झाल्या, सगळ्या क्लबाच्या उसन्या छत्रीवर. आता मारियेट म्हणते, जुलैअखेर उसन्या छत्र्या बंद. मारियेट म्हणजे आमची मुख्य शिक्षिका, तुमच्या नंतर आलेली. ज्याची स्वतःची छत्री असेल त्यानं उडावं, बाकीच्यांनी घड्या घालाव्यात. म्हणजे मी पुन्हा कायमची जमिनीवर.

तर ऐका. गुरुवारी माळा साफ करायला घेतला. जुन्या हेल्मेटांच्या ढिगाखाली मक्याच्या पिठाचं एक पोतं निघालं, दोन गाठी मारून बांधलेलं. आत छत्री! निळी, मधले तीन खण पिवळे. कापड अजून कुरकुरीत. फक्त लेबल नाही. जिथं ते शिवलेलं असतं तिथला तुकडा कात्रीनं नीट कापून काढलाय. आणि लेबल नसलं की छत्री किती मोठी, कशी उडते, कोण सांगणार?

मारियेट म्हणाली, "ही फेकू नकोस आणि हिच्यावर उडूही नकोस. आधी ही काय आहे ते मला सांग. एकतीस जुलैला प्रिटोरियाचा तपासनीस येतोय. तो हो म्हणाला तर तुझी."

बिनलेबलाची छत्री ओळखणारा एकच माणूस मला माहीत आहे. आई म्हणायची, तुझ्या मामाचे डोळे बांधा, तो हातानं सांगेल कुठल्या साली शिवली ते. शिवाय नवं काही करायचं तर आधी मामाचा शब्द घ्यायचा, ही आपली रीत. आई असती तर तिनंच आणला असता. ती नाही, म्हणून मी मागते.

तुमची
ओनालेन्ना

मंगळवार, १२ मे २००९
गान्येसा

ओनालेन्ना,

ओतेंगनं पत्र फाटकात टाकलं नाही, शेळीपुढे टाकलं. एक कोपरा तिनं खाल्लाय. बाकीचं वाचलं.

मी बरा आहे. म्हणजे उठतो, चूल पेटवतो, लापशी करतो आणि थकतो. मग दिवस सुरू होतो. या वर्षी गवत लवकर वाळलं. शेळ्या मलाच खायच्या बेतात आहेत.

छत्री ओळखायची तर लेबल लागत नाही, डोकं लागतं. सांगतो तसं कर.

खण मोज. सात असले तर ती जुनी, जाड, खाली आपटणारी. नऊ असले तर लांब तरंगणारी. मग कापड ओठांवर ताणून धर आणि जोरात फुंकर मार. हवा पलीकडे गेली तर जुनं कापड, ते दर उडीला थोडं मरतं. नाही गेली तर नव्या जातीचं. दोऱ्या जाड आहेत, बुटाच्या नाडीसारख्या, की बारीक आहेत ते बघ. मग छत्रीचं एक टोक दुमड आणि टोकाचा खण मधल्या खणावर ठेव. टोकाचा बराच अरुंद असेल तर छत्री चपळ, एक हात ओढला की गरकन फिरवणारी. फरक थोडाच असेल तर गरीब.

शेवटी माप. सगळी छत्री एकदम ताणायला जाऊ नकोस, चुकशील. एकेक खण मोज आणि बेरीज कर, ती झाली लांबी. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत मधोमध मोज, ती रुंदी. गुणाकार कर. चौरस मीटर आले की पावणेअकरानं गुण, म्हणजे चौरस फूट. छत्रीचं माप जगभर फुटांतच सांगतात, का ते मला कुणी कधी सांगितलं नाही.

आणि एक बघ. डावीकडून चौथ्या खणात, मागच्या कडेजवळ, तळहाताएवढं ठिगळ आहे का? हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं?

घाई करू नकोस. तुझी आईही घाई करायची.

तुझा मामा
तिरोयाओने

रविवार, २४ मे २००९

मामा,

आहे! ठिगळ आहे, हिरवा दोरा आहे, टाके असे की मशीननं लाजावं. तुम्हाला गान्येसात बसून कसं दिसलं? अंतर्ज्ञानी झालात की काय?

आता माझा हिशोब बघा. खण नऊ. फुंकर मारून मारून डोळ्यांपुढे काजवे चमकले, हवा पलीकडे जात नाही. दोऱ्या बारीक, पांढऱ्या, विणकामाच्या असाव्यात तशा. टोकाचा खण मधल्यापेक्षा दोन बोटं अरुंद, म्हणजे तुमच्या भाषेत गरीब. एकेक खण पंचाहत्तर सेंटीमीटर, नऊ मिळून पावणेसात मीटर. रुंदी दोन मीटर साठ. गुणाकार, मग पावणेअकरा, आणि उत्तर आलं एकशे एकोणनव्वद!

म्हणजे एकशे नव्वदाची छत्री, हो ना? मारियेटचा नियम असा की सगळ्या सामानासकट जितके पौंड भराल, तितके चौरस फूट तरी डोक्यावर हवेत. मी सामानासकट एकशे त्रेसष्ट. मामा, ती माझ्यासाठीच पोत्यात बसली होती. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी एकशे नव्वद म्हणणार नाही. मारियेटला अजून काही सांगितलेलं नाही.

दोऱ्यांची लांबी तुम्ही विचारली नाहीत. विसरलात का? तीही मोजू?

एक गोष्ट मात्र गमतीची नाही, ती सांगते. मी छत्री पसरून बसले होते तेव्हा टीनस काका आत आले. शेजारच्या शेतातले, काठीवाले. अजून दर शनिवारी येतात, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक नव्या तुकडीला तीच गोष्ट सांगतात: "पोरांनो, माझ्याकडे बघा. मी उतरताना छत्रीचे ब्रेक फार उंचावर ओढले. जमीन जवळ आलीय असं वाटलं, ती नव्हती. माझ्यासारखं करू नका." ते दारात थबकले. छत्रीकडे बघत म्हणाले, "ही जाळली होती ना?" आणि कॉफी तशीच ठेवून निघून गेले.

ही त्यांची छत्री का?

ओनालेन्ना

मंगळवार, २ जून २००९
गान्येसा

ओनालेन्ना,

होय, टीनसची. त्यानं जाळायला सांगितली होती. तेव्हा जाळली गेली नाही, आता जाळ.

तुझा हिशोब चुकलाय. जुनं कापड ताणलं जातं, जमिनीवर पसरून मोजलं की फुगीर माप येतं. पाचातला एक भाग वजा करायचा असतो, ते तुला सांगायचं राहिलं. म्हणजे दीडशेची. तुझ्या अंगाला लहान. वेगानं उतरते, चुकीला जागा ठेवत नाही. मारियेटला सांग, मामा म्हणाला दीडशे, आणि विषय संपव.

दोऱ्या मोजायची गरज नाही. जळणाऱ्या वस्तूच्या दोऱ्या काय मोजायच्या?

माझा शब्द मागितलास, तो नाही असा आहे. थंडी वाढलीय, हात चालत नाही, जास्त लिहीत नाही.

मामा

रविवार, १४ जून २००९

मामा,

काल मी काय केलं सांगू? शिकाऊ मुलांची एकशे नव्वदाची छत्री आहे, लेबलासकट. तीही जुनी, हिच्याहून कितीतरी जास्त झिजलेली. ती जमिनीवर पसरली आणि टीनस काकांची तिच्यावर अंथरली, कडेला कड लावून. एका बोटाचाही फरक नाही. कापड ताणलं जातं म्हणता, मग शिकाऊ छत्रीचं का नाही ताणलं? आणि पाचातला एक भाग? इतकं तर तळायच्या माग्विन्याचं आंबवलेलं पीठही फुगत नाही.

तुम्ही कशात चुकला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मापात? तुम्ही? तुम्ही मला खोटं सांगितलंत, तेही मामाचा शब्द म्हणून.

का, ते मला माहीत आहे. आईनंही एकदा विचारलं होतं, मी नऊ वर्षांची होते. ती म्हणाली, "तिरो, मला एकदा वर जाऊ दे. दुसऱ्यांच्या छत्र्या बांधून बांधून माझी बोटं गेली, एकदा माझ्यासाठी एक बांधू दे." तुम्ही म्हणालात, आपण जमिनीवरची माणसं, आपलं काम घड्या घालायचं. तिनं ऐकलं, कारण तुम्ही थोरले. मग ती आजारी पडली आणि गेली. शेवटच्या महिन्यात ती पलंगावर पडून खिडकीतून छत्र्या मोजायची, मामा. तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्यासमोर मोजत नव्हती, इतकंच.

आता माझी पाळी. मला वाटतं तुम्हाला आमच्यातली कुणीच वर गेलेली बघवत नाही. तसं असेल तर सरळ लिहा. आकड्यांच्या मागे लपू नका.

ओनालेन्ना

रविवार, ५ जुलै २००९

मामा,

तीन आठवडे झाले. ओतेंग म्हणतो, पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही त्याला चहाही दिलात. म्हणजे जिवंत आहात.

मी मारियेटला एकशे नव्वद सांगितलं. तिनं स्वतः मोजून बघितलं आणि मान डोलावली. तपासनीस यायच्या आधी एक उडी मारून बघायला तिची हरकत नाही, कशी उडते ते कळेल. येत्या रविवारी, बारा तारखेला, पहिल्या विमानात माझं नाव आहे.

मामाच्या शब्दाशिवाय जातेय. रीत मी मोडत नाही, तुम्ही मोडलीत.

ओनालेन्ना

गुरुवार, ९ जुलै

ओतेंग, हे आजच्या आज तिच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको. वाटेत कुठे जेवायला थांबू नकोस.

ओना, उडू नकोस. ब्रेकच्या दोऱ्या पंधरा सेंटीमीटर आखूड आहेत. मी मोजल्याशिवाय सांगतो, कारण त्या मीच तशा केल्या. सगळं लिहितो. उडू नकोस.

सोमवार, १३ जुलै २००९
गान्येसा

ओना,

ओतेंग परत येऊन सांगून गेला की चिठ्ठी वाचून तू रविवारच्या विमानातलं नाव काढून टाकलंस आणि मग टेप मागितलास. देवाचे आणि ओतेंगच्या जुन्या इंजिनाचे आभार. आता नीट लिहितो. दोन दिवस लागले लिहायला. मी इतका थकलोय की खोटं बोलायचंही बळ उरलेलं नाही.

तुझं माप बरोबर होतं. एकशे नव्वद. तू रंग सांगितलास तेव्हाच मी ओळखली होती. ठिगळाचं विचारलं ते ती दुसरी कुठली तरी निघावी म्हणून.

१९९८ साली टीनसच्या छत्रीच्या दोऱ्या झिजल्या होत्या. कारखान्याकडून नव्या मागवायच्या तर तीन महिने, आणि त्याला उन्हाळा वाया घालवायचा नव्हता. नेलसाहेब तेव्हा मैदानाचे कारागीर. परवान्याचा कागद त्यांच्याकडे, शिवण माझ्याकडे. ते म्हणाले, "तिरो, जुन्या बघून नव्या कर." मी केल्या. एकेक जुनी दोरी सोडवली, जमिनीवर ठेवली, तिच्याशेजारी नवी ठेवली, केसाचाही फरक पडू दिला नाही. एकट्यानं केलं, तीन दिवसांत. मला इतका अभिमान वाटला की तुझ्या आईला बोलावून दाखवलं.

पण त्या बारीक दोऱ्या वापरात आखडतात, पोरी. छत्री उघडताना घर्षण होतं, त्या गरम होतात आणि थोड्या थोड्या आत ओढल्या जातात. ब्रेकच्या सगळ्यात जास्त. मी नव्या दोऱ्या आखडलेल्या दोऱ्यांच्या मापानं केल्या. ताज्या दोऱ्या, म्हातारं माप. मग वापरात त्याही थोड्या आखडल्या. छत्री सतत थोडे ब्रेक लावूनच उडत राहिली आणि टीनसला वाटलं, सुस्त झाली असेल. दोन महिन्यांनी त्यानं नेहमीच्या उंचीवर, नेहमीइतके ब्रेक ओढले. नेहमीचे आता जास्त झाले होते. छत्रीनं हवा सोडली आणि तो दुमजली घरावरून पडावा तसा पाठीवर पडला. मी शिवणयंत्रावरून बघितलं.

त्या दिवशी छत्री तुझ्या आईनं बांधली होती. आठवडाभर लोक तिच्याकडे कसे बघत होते, ते तुला आठवणार नाही. शेवटी टीनसनंच दवाखान्यातून निरोप पाठवला: मोसिदीला काही बोलू नका, छत्री छान उघडली होती, चूक माझी, मी ब्रेक उंचावर ओढले. तुझी आई त्या निरोपावर रडली. मी तिच्या शेजारी बसलो होतो.

मग कारखान्याचा तक्ता आला, कोणती दोरी किती लांब असावी त्याचा. मी टेप लावला आणि सगळं कळलं. नेलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्तीच्या वहीत सही माझी आहे. तुझ्याकडे कागद नाही, म्हणजे तू शिवलंच नाहीस. जे शिवलंच नाही त्यात चूक कसली?" तुला खरं सांगतो, मला हायसं वाटलं. माझी लाज तीच आहे. पुढच्या वर्षी ते देश सोडून गेले आणि मी गप्प बसायला मोकळा झालो. टीनसनं छत्री जाळायला दिली तेव्हा लेबल कापलं, की कुणी ती कुठली ते ओळखू नये, आणि ती पोत्यात घातली. जाळवली नाही. पावणेदोनशे उड्यांचीच होती, कापडाचा काय दोष?

तुझ्या आईला वर जाऊ दिलं नाही, कारण त्या वर्षी माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याच छत्रीवर माझा विश्वास नव्हता. हे तिला सांगता आलं असतं. जमिनीवरची माणसं वगैरे म्हणालो, ते सोपं होतं. ती खिडकीतून मोजायची, हे मला माहीत नव्हतं. ते वाचून मी तीन आठवडे पेन उचललं नाही.

तुला दीडशे सांगितलं, कारण एकशे नव्वद म्हटलं असतं तर तपासनीसानं दोऱ्या तक्त्याशी ताडून बघितल्या असत्या. तू लहान म्हणून टाकून देशील, कुणी मोजणार नाही, असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या कुणीतरी दीडशे समजून ती वापरली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी केला नाही, असंही नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

आता तुला तिचा स्वभाव सांगतो, तू विचारला होतास. खऱ्या मापाच्या दोऱ्या असल्या तर ती गायीसारखी गरीब आहे. सावकाश वळते, लांब तरंगते, आणि शेवटी ब्रेक ओढले की झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी ठेवते. मी कधी उडालो नाही. हे मला टीनस सांगायचा, यंत्राशेजारी उभा राहून, हात पसरून.

सोबत पाकिटात लेबल आहे. अकरा वर्षं बायबलमध्ये होतं. त्याच्या जागी शिव.

आणि हे पत्र टीनसला वाचून दाखव. मी यायला हवं. गुडघे नाहीत म्हणतो, पण खरं म्हणजे तोंड नाही.

मामा

रविवार, १९ जुलै २००९

मामा,

वाचून दाखवलं. काल, त्यांच्या ओट्यावर. त्यांना आपली भाषा आपल्याइतकीच येते, हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे एक शब्दही सौम्य करायची सोय नव्हती.

नेलसाहेबांच्या वाक्यापाशी मी आले तेव्हा ते म्हणाले, "थांब. ते परत वाच." मी परत वाचलं. मग पुढचं शेवटपर्यंत वाचलं. मी निघाले तर म्हणाले, "आज मैदानावर येत नाही म्हणून सांग." अकरा वर्षांत पहिला शनिवार असेल.

मी तुमच्यावर रागावलेली आहे. तो राग किती दिवस टिकेल, माहीत नाही. पण मोजून बघितलं, साडेपंधरा सेंटीमीटर. मी उडाले असते, मामा.

लेबल अजून शिवलेलं नाही. मारियेटनं कारखान्याकडून तक्ता मागवला, तो आलाय. दोऱ्यांचं नवं रीळ इथे आहे. शिवणारं कुणी नाही. तपासनीस फक्त तपासतो, शिवत नाही. एकतीस तारीख बारा दिवसांवर आलीय, आणि बहुतेक ती तशीच जाईल. आज एकोणीस घड्या घातल्या.

ओनालेन्ना

बुधवार, २२ जुलै २००९

तिरो,

मी टीनस बोलतोय, ओनालेन्ना लिहितेय. तुझी भाषा मला बोलता येते, लिहिता येत नाही. मधे तिनं काही घुसडलं तर ते माझं नाही.

मी चार दिवस शेतावरून हललो नाही. पहिल्या दिवशी तुझ्याकडे येऊन तुझं शिवणयंत्र तुझ्या डोक्यात घालावं असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. पाठीमुळे गाडी इतकी लांब चालवता येत नाही, म्हणून तू वाचलास.

पाठीचं सोड. पाठ मोडली ती मोडली. तुला मी सांगतो तू काय नेलंस. त्या दिवसापासून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. जमीन किती लांब आहे हे ज्याला कळलं नाही, त्याला दुसरं काय कळणार? बैल विकत घ्यायचा तर भावाला पाठवलं. पाऊस येईल की नाही, बायकोला विचारलं. मुलाला गाडी शिकवली नाही, दुसऱ्या कुणाकडून शिकवली. आणि दर शनिवारी पोरांसमोर खुर्ची टाकून सांगितलं, मी चुकलो, मी चुकलो. तू यंत्रावर बसून ऐकायचास, तिरो. तू निवृत्त होईपर्यंत. रूइबॉस चहाचा कप हातात घेऊन ऐकायचास!

(मामा, इथे ते काठी घेऊन अंगणात एक फेरी मारून आले. मी चहा केला. — ओ.)

मी उंचावर ओढले नव्हते. मला बरोबर दिसलं होतं. हे मी काल अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, कुत्रं उठून निघून गेलं. साठ वर्षांचा माणूस मी, आणि रडलो.

तुझं पत्र आलं नसतं तर हे मला कळलं नसतं, हेही खरं आहे. या गोष्टीचं काय करायचं, मला समजत नाही. माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण केलेलं नाही. पुढे होईल की नाही, सांगता येत नाही. मी दमलोय.

पण ती छत्री माझी होती, आणि आता ती मोसिदीच्या पोरीला द्यायचं मी ठरवलंय. मोसिदीनं ती शेवटची बांधली तेव्हा नीट बांधली होती. तिच्या पोरीनं उसनी मागत फिरू नये.

तर शुक्रवारी सकाळी माझा मुलगा पिकअप घेऊन तुझ्या फाटकाशी येईल. तुझी सुई आणि चष्मा घे, शेळ्या शेजाऱ्याकडे दे. मैदानावर तक्ता आहे, रीळ आहे, यंत्राला तेल घातलंय. काम झालं की वहीत शिवणाऱ्याचं नाव लिहायचं, पूर्ण, तुझंच. मी मारियेटशी बोललोय. तपासनीस आला की त्यानं तुलाच विचारावं, आणि तू त्याला सांगावंस.

दारात मी तुझ्याशी हात मिळवणार नाही, आधीच सांगून ठेवतो. जेवायला बसलास तर समोर बसणार नाही. पण दोरी ताणून धरल्याशिवाय नीट मोजली जात नाही, आणि ते एकट्याचं काम नव्हे. अकरा वर्षांपूर्वी तू ते एकट्यानं केलंस. या वेळी टेपचं दुसरं टोक मी धरीन.

टीनस